जुनी आज्ञावली, नवा कंपायलर
(तृतीय वर्ष कला, भूगोल)

कला महाविद्यालयाच्या वार्षिकांकात कंपायलरवर लेख पाहून काही वाचकांच्या कपाळाला आठी पडेल, हे मी जाणून आहे. हा विषय शास्त्र शाखेच्या मंडळींनी हाताळावा, आपण कथा-कविता लिहाव्यात, असा आपल्याकडे एक अलिखित करारच झालेला आहे. परंतु गेल्या वर्षी आमच्या भूगोल विभागात एक काम माझ्याकडे आले आणि ते करता करता माझी खात्री पटली की, जुनी आज्ञावली नव्या कंपायलरखाली चालती करणे हे काम जुनी पोथी वाचण्याच्या फार जवळचे आहे. त्यात गणित थोडे आणि वाचन पुष्कळ. म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम कामाची हकीकत सांगते. आपल्या विभागाच्या गच्चीवर पर्जन्यमापक आहे, हे सर्वांना ठाऊक आहे. रोज सकाळी साडेआठ वाजता त्यातील पाणी मोजून नोंद करण्याचा प्रघात जुना आहे. १९९४ साली विभागातील एका सरांनी (ते आता निवृत्त झाले आहेत) ह्या नोंदींसाठी सी भाषेत एक आज्ञावली लिहिली. दिवसाचा पाऊस संगणकात भरावा, तिने तो साठवावा आणि मागितल्यास महिन्याचे व वर्षाचे कोष्टक छापून द्यावे, असे तिचे काम. २००८ अखेरपर्यंत ती चालू होती. पुढे नोंदी दुसऱ्या पद्धतीने होऊ लागल्या आणि ती फाइल एका जुन्या संगणकात पडून राहिली.

ह्या पंधरा वर्षांच्या कागदी वह्या तळमजल्यावरच्या कपाटात होत्या. २०२१ च्या जुलैतील पुरात त्या भिजल्या आणि शाई पाण्यात विरून गेली. म्हणजे १९९४ ते २००८ ह्या काळातील आपल्या गावच्या पावसाची साक्ष आता केवळ त्या एका फाइलीत उरली. तो जुना संगणकही अखेरच्या घटका मोजीत होता. विभागप्रमुख बाईंनी मला बोलावून सांगितले, "तुला संगणकाची आवड आहे. फाइल आणि सरांची आज्ञावली प्रयोगशाळेतल्या नव्या संगणकावर चालती कर." मला वाटले, चार दिवसांचे काम. ते चार महिने चालले.

कंपायलर आणि शुद्धलेखन

कंपायलर म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. माणसाला वाचता येईल अशा भाषेत आपण आज्ञा लिहितो. यंत्राला ती भाषा कळत नाही. कंपायलर हा मधला दुभाषा. तो आपला मजकूर वाचतो, तो व्याकरणात बसतो की नाही ते पाहतो आणि यंत्राच्या भाषेत उतरवून देतो.

आता प्रश्न असा की, जो मजकूर १९९४ साली बरोबर होता तो आज चूक कसा ठरतो? मजकुरातील एक अक्षरही बदललेले नाही! ह्याचे उत्तर आपल्या मराठीतच आहे. १९६२ सालापूर्वी 'नांव', 'केलें', 'घरांत' असे लिहिणे शुद्ध होते. त्या वर्षी मराठी साहित्य महामंडळाचे नवे नियम आले, १९७२ साली त्यांत आणखी चार नियमांची भर पडली, आणि उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. जुन्या पुस्तकांतील अक्षरे होती तशीच राहिली, वाचणाऱ्याचा नियम मात्र बदलला. शाळेत आज कोणी 'केलें' लिहिले तर गुरुजी लाल रेघ मारतील, पण ते लिहिणारे आपले आजोबा अशुद्ध लिहीत होते असे कोणी म्हणणार नाही.

सी भाषेचे असेच आहे. डेनिस रिची यांनी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९७२ च्या सुमारास ही भाषा घडविली. १९७८ साली कर्निगन आणि रिची यांचे पुस्तक आले व बराच काळ तेच प्रमाण मानले गेले. १९८९ साली अमेरिकी प्रमाणसंस्थेने भाषेचे रीतसर नियम ठरविले. त्यानंतर १९९९ आणि २०११ साली मोठे फेरबदल झाले. 'सी तेवीस' ह्या नावाने ओळखले जाणारे नवे प्रमाण २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. सरांनी वापरलेला कंपायलर बोर्लंड कंपनीचा टर्बो सी. तो १९८७ साली बाजारात आला आणि आपल्याकडे तर शिकवणीवर्गांतून घरोघरी पोहोचला. प्रयोगशाळेतील नवा कंपायलर म्हणजे जीसीसी. योगायोग असा की, त्याचीही पहिली आवृत्ती १९८७ चीच. पण आमच्याकडे आहे ती एप्रिल २०२५ मध्ये आलेली पंधरावी आवृत्ती. मधल्या काळात पुष्कळ अनुस्वार गळून गेलेले!

आधी साक्षीदार जपा

कामाला हात घालण्यापूर्वी एक गोष्ट मी केली. ती मला संगणकाच्या पुस्तकाने शिकविली नव्हती, मराठीच्या तासाला शिकविली होती. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, हे आपण वाचतो. नकला होता होता पाठ बिघडले होते. का बिघडले? काही ठिकाणी लेखनिकाची नजर चुकली म्हणून, पण पुष्कळ ठिकाणी लेखनिकाला मूळ शब्द कळला नाही आणि त्याने आपल्या मते तो 'सुधारला' म्हणून. उतरवून घेणाराने शहाणपणा केला की पाठ बिघडतो. एकनाथांनी आपल्या पदरची ओवी ग्रंथात घालू नये असे निक्षून सांगितले, त्यामागचे कारण हेच.

म्हणून पहिला नियम असा ठरविला की, मूळ फाइल आणि मूळ आज्ञावली ह्यांना हात लावायचा नाही. दोहोंच्या प्रती काढून त्यांवरच काम करायचे. दुसरे असे की, जुनी आज्ञावली जुन्या रीतीने चालवून तिने दिलेली पंधरा वर्षांची कोष्टके जपून ठेवायची. नवी आज्ञावली बरोबर की चूक, हे सांगणारा साक्षीदार तोच. जुना संगणक मधेच बंद पडू लागला, तेव्हा डॉसबॉक्स नावाची आज्ञावली उपयोगी पडली. ती नव्या संगणकात जुन्या डॉसच्या संगणकाचे सोंग वठविते. तिच्यात सरांची तयार आज्ञावली जशीच्या तशी चालली. सर्व कोष्टके मी कागदावर छापून घेतली. हा एक दिवसाचा खटाटोप केला नसता, तर पुढील लेख लिहिण्याची वेळच आली नसती. मी चुकीची कोष्टके आनंदाने बाईंच्या हाती ठेवली असती.

बोलक्या चुका

मग सरांचा मजकूर नव्या कंपायलरपुढे ठेवला. पडदा चुकांनी भरून गेला. प्रथम घाबरले, नंतर एकेक वाचू लागले. चुका चार प्रकारच्या निघाल्या.

पहिला प्रकार, परक्या घरच्या वस्तू. पडदा पुसणे, कळ दाबेपर्यंत थांबणे ही कामे सरांनी 'कोनिओ' नावाच्या संग्रहातून घेतली होती. हा संग्रह डॉसवरच्या कंपायलरांचा होता, सी भाषेचा कधीच नव्हता. आपल्याकडे अनेकांनी सी भाषा टर्बोवर शिकल्यामुळे तो भाषेचाच भाग वाटतो, एवढेच. पावसाच्या बेरजेशी त्याचा संबंध नव्हता. तो काढून टाकला.

दुसरा प्रकार, गृहीत धरलेले शब्द. सी आज्ञावलीचा प्रारंभ 'मेन' ह्या फंक्शनने होतो. त्यातून कोणत्या प्रकारचे उत्तर यावयाचे ते सरांनी लिहिलेच नव्हते. न लिहिल्यास पूर्णांक समजावा, असा जुना संकेत होता. १९९९ च्या प्रमाणाने तो रद्द केला, तरी जीसीसी पुढेही कित्येक वर्षे नुसता इशारा देऊन असे मजकूर चालवून घेत असे. मे २०२४ मध्ये आलेल्या चौदाव्या आवृत्तीपासून मात्र ही सवलत संपली. इशाऱ्याची चूक झाली.

तिसरा प्रकार, ओळख न करून देता हाक मारणे. महिन्याच्या क्रमांकावरून त्याचे नाव देणारे एक फंक्शन सरांनी वेगळ्या फाइलीत लिहिले होते. मुख्य फाइलीत त्याची आगाऊ ओळख न देताच त्याला हाक मारलेली. जुना कंपायलर अशा अनोळखी फंक्शनाबद्दल 'हे पूर्णांकच परत देत असणार' असे गृहीत धरी. चौदाव्या आवृत्तीपासून हेही चूक ठरले.

चौथा प्रकार, काढून टाकलेली साधने. नाव वाचण्यासाठी सरांनी 'गेट्स' वापरले होते. टाइप करणाराने ठरलेल्या जागेपेक्षा अधिक अक्षरे भरली, तर गेट्स ती शेजारच्या जागेत सांडू देते, अडवीत नाही. नोव्हेंबर १९८८ मध्ये इंटरनेटवर पसरलेल्या 'मॉरिस वर्म'ने जी दारे वापरली, त्यांतले एक ह्याच फंक्शनाने उघडे ठेवले होते. २०११ च्या प्रमाणातून ते काढून टाकण्यात आले. त्याजागी किती अक्षरे घ्यावयाची ते सांगणारे 'एफगेट्स' वापरले. त्यात एक खोच आहे. एफगेट्स ओळीच्या शेवटचे चिन्हही सोबत घेऊन येते, ते आपण काढून टाकावे लागते.

आडवाटेचा मोह

येथे माझ्या हातून झालेला प्रमाद प्रांजळपणे सांगते. चुकांची यादी पाहून कंटाळले आणि आडवाट शोधली. जीसीसीला 'परमिसिव्ह' नावाची एक सूचना देता येते. ती दिली की गृहीतकांच्या ह्या नव्या चुका पुन्हा नुसते इशारे होतात. शिवाय इशारेही गप्प करता येतात. मी दोन्ही केले. पडदा स्वच्छ झाला! आज्ञावली चालू केली, तिने 'वर्ष सांगा' म्हटले, मी वर्ष सांगितले, आणि महिन्याचे नाव छापण्याच्या क्षणी ती कोसळली.

कारण समजून घेण्यासारखे आहे. महिन्याचे नाव देणारे फंक्शन प्रत्यक्षात नाव देत नाही. ते नाव स्मृतीत कोठे ठेवले आहे, तो पत्ता देते. सरांच्या संगणकावर त्यांनी निवडलेल्या बेताच्या रचनेत पत्ता दोन बाइटांचा आणि पूर्णांकही दोन बाइटांचा. त्यामुळे पत्त्याला पूर्णांक समजले तरी बिघडत नसे. आजच्या संगणकावर पत्ता आठ बाइटांचा आणि पूर्णांक चार बाइटांचा. गृहीतकाच्या नादात पत्त्याचा अर्धा भाग गळून पडला. पाकिटावर गावाचे नाव न लिहिता नुसता घर क्रमांक लिहावा, तसे झाले. कंपायलर ओरडत होता तो ह्याचसाठी, आणि मी त्याच्या तोंडावर हात ठेवला होता.

त्या दिवशी आडवाट सोडली. इशारे सगळे चालू केले. फंक्शनांची ओळख वेगळ्या मथळा-फाइलीत नीट लिहिली. ज्या ओळखींत सरांनी नुसते रिकामे कंस ठेवले होते, तेथे कंसात काय काय द्यावयाचे तेही भरले. जुन्या नियमाने रिकामा कंस म्हणजे 'आत काय ते सांगितलेले नाही'. सी तेवीस प्रमाणात त्याचा अर्थ 'आत काहीच नाही' असा झाला आहे, आणि जीसीसीची पंधरावी आवृत्ती आपण वेगळे सांगितले नाही तर तेच प्रमाण मानते. चिन्ह तेच, पण 'सांगितले नाही' आणि 'काही नाही' ह्यांत केवढा फरक! हा फरक पुढे मला फार महागात पडणार होता, हे तेव्हा ठाऊक नव्हते.

मुके बदल : पहिला

आता कंपायलरची एकही तक्रार उरली नव्हती. फाइल उघडली आणि पहिल्याच नोंदीचे वर्ष आले १६९०८२८८. इतक्या दूरच्या भविष्यातील पाऊस आमच्या सरांनी मोजला असेल, असे मला वाटले नाही.

सरांची प्रत्येक नोंद अशी होती : दिवस एक बाइट, महिना एक बाइट, वर्ष पूर्णांक, पाऊस पूर्णांक. जुन्या कंपायलरात पूर्णांक दोन बाइटांचा, म्हणून एक नोंद सहा बाइटांची. नवा कंपायलर पूर्णांकाला चार बाइट देतो. शिवाय पूर्णांक सोयीच्या जागी सुरू व्हावा म्हणून दिवस-महिन्यानंतर दोन बाइट रिकामे सोडतो. म्हणजे तीच नोंद बारा बाइटांची झाली. आज्ञावली एका घासात दोन दिवस गिळत होती. त्या विचित्र वर्षाचा आकडा उलगडून पाहिला, तर त्यात १ जानेवारीचा शून्य पाऊस आणि २ जानेवारीची तारीख एकमेकांना चिकटून बसलेली सापडली.

येथे साध्या भागाकाराने धीर दिला. फाइल ३२,८७४ बाइटांची. १९९४ ते २००८ ह्या पंधरा वर्षांचे दिवस, चार लीप वर्षे धरून, ५,४७९. भागाकार बरोबर सहा, बाकी शून्य. एकही दिवस फाइलीतून गळालेला नाही! मग मी नोंद एकदम न उचलता एकेक बाइट वाचून, दोन दोन बाइटांचे आकडे स्वतः जुळवून घेतले. आता रचना कंपायलरच्या मर्जीवर राहिली नाही, ती मजकुरात लिहिली गेली.

हा बदल मुका असला तरी त्याचे फळ इतके वेडेवाकडे होते की तो लपून राहिला नाही. खरी गोष्ट पुढेच आहे.

मुके बदल : दुसरा

सगळी कोष्टके निघाली. आकडे दिसायला अगदी शहाण्यासारखे होते. आता साक्षीदाराला पुढे केले. डॉसबॉक्समधील जुनी कोष्टके आणि ही नवी, शेजारी ठेवून ताडून पाहिली. पंधरांपैकी अकरा वर्षे तंतोतंत जुळली, चार जुळली नाहीत. १९९७ सालचा पाऊस जुन्या कोष्टकात ३४१२.६ मिलिमीटर, नव्यात ३४१०.३. फरक २.३. इतर तीन वर्षांत, म्हणजे २००२, २००५ आणि २००७ मध्ये, फरक अनुक्रमे ०.४, ०.९ आणि ०.१.

मैत्रीण म्हणाली, "तीन हजारांत दोनाचा फरक! सोडून दे. कोण पाहणार आहे?" मलाही क्षणभर तसेच वाटले. पण संगणक बेरीज करताना दमत नाही, डुलक्याही घेत नाही. तो थोडासा चुकला असेल, तर कोठेतरी पूर्ण चुकलेला असतो. कोष्टकाच्या तळाशी सरांनी एक ओळ छापली होती : 'नोंद नसलेले दिवस'. जुन्या कोष्टकात १९९७ साली ते २३ होते. नव्या कोष्टकात शून्य. २००५ साली जुन्यात ९, नव्यात शून्य. फरक २.३ आणि दिवस २३, फरक ०.९ आणि दिवस ९. कोडे अर्धे सुटले. नोंद नसलेला प्रत्येक दिवस नवी आज्ञावली उणे ०.१ मिलिमीटर पाऊस म्हणून बेरजेत धरीत होती.

असे का व्हावे? संगणक पूर्णांक साठवितो तो शून्य आणि एक ह्यांच्या घरांत. जुन्या पूर्णांकाला अशी सोळा घरे. सोळाही घरांत एक भरला, तर तो आकडा ऋणसंख्या चालणाऱ्या पद्धतीने वाचल्यास उणे एक होतो आणि न चालणाऱ्या पद्धतीने वाचल्यास ६५५३५. सरांनी पाऊस मिलिमीटरच्या दशांशात साठविला होता आणि 'नोंद नाही' ह्याची खूण म्हणून सोळा एके वापरले होते. मजकुरात तपासताना त्यांनी लिहिले होते, 'पाऊस ६५५३५ असेल तर नोंद नाही असे समज' (आकडा त्यांनी सोळाच्या पटीने मोजण्याच्या पद्धतीने लिहिला होता). जुन्या कंपायलरात उणे एक आणि ६५५३५ ह्यांची तुलना केली की दोन्हींची सोळा घरे सारखी, म्हणून उत्तर 'होय'. नव्या कंपायलरात पूर्णांकाची बत्तीस घरे. तेथे उणे एक म्हणजे बत्तीस एके, आणि ६५५३५ म्हणजे सोळा शून्ये व सोळा एके. उत्तर 'नाही'. आणि ही तुलना व्याकरणदृष्ट्या निर्दोष असल्यामुळे, सर्व इशारे चालू असूनही कंपायलर एक चकार शब्द बोलला नाही.

त्या रात्री सरांना फोन केला. त्यांना आज्ञावली ओळ न ओळ आठवत होती. मी विचारले, "सर, नोंद नाही तिथे शून्य का नाही लिहिलंत?"

सर म्हणाले, "अगं, शून्य म्हणजे पाऊस पडला नाही. मी पाहिलं नाही म्हणजे पाऊस पडला नाही, असं कसं लिहू?"

"पण मग सरळ उणे एकशी तुलना का नाही केलीत?"

ते हसले. "त्या मशीनवर दोन्ही एकच होतं गं. दुसरं मशीन येईल आणि तू त्यावर हे चालवशील, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात होतं? आणि २००५ चे ते नऊ दिवस नीट जप. पुरात पर्जन्यमापकच वाहून गेला होता."

ते नऊ दिवस म्हणजे २५ जुलै ते २ ऑगस्ट २००५. २६ जुलैला मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच आठवड्यात कोकणात जागोजाग हाहाकार उडाला होता. माझ्या नव्या कोष्टकाने मात्र ठामपणे सांगितले असते की, ह्या नऊही दिवसांची नोंद झालेली आहे आणि पाऊस पडलेला नाही. उद्या एखाद्या विद्यार्थ्याने त्यावर प्रबंध लिहिला असता आणि आमच्या गावाला त्या आठवड्यात पावसाने चुकविले असा शोधही लावला असता. आकडा कंपायलरला मान्य, बेरीज जवळजवळ बरोबर, आणि विधान धादांत खोटे!

सरांची आणखी एक ओळ

दुरुस्ती सोपी होती. बाइट वाचतानाच सोळा एके दिसले की 'नोंद नाही' असे वेगळे नोंदवायचे, पावसाच्या आकड्यात ती खूण मिसळायचीच नाही. नवी फाइल साध्या मजकुराची केली आणि त्यात तेथे 'नोंद नाही' हे शब्दच लिहिले, म्हणजे पुढे कोणाला घरे मोजण्याची पाळी नको. त्यानंतर पंधराही वर्षे जुळली, गहाळ दिवसांसकट.

परंतु एक ओळ उरली. 'बेरीज ऋण आली तर तीत ६५५३६ मिळव.' पावसाची बेरीज ऋण कशी येईल? पहिल्यांदा वाचली तेव्हा ही ओळ निरर्थक म्हणून खोडणार होते. अर्थ नंतर लागला. सोळा घरांत ३२७६७ च्या पुढे ऋणसंख्या न करता जाता येत नाही. आपल्याकडे पाऊस ३२७६.७ मिलिमीटरच्या वर गेला की दशांशांतील बेरीज उलटून ऋण होई. १९९७ ची बेरीज ३४१२६ न येता उणे ३१४१० येई. तीत ६५५३६ मिळविले की पुन्हा ३४१२६. सरांनी ती ओळ मोठ्या पावसाच्या वर्षांसाठी घातली होती. मात्र बेरीज अशी उलटेल, ही हमी भाषेने कधीच दिलेली नाही. आजचे कंपायलर बेरीज मर्यादेबाहेर जाणारच नाही असे धरून चालतात आणि अशा तपासण्या प्रसंगी गाळूनही टाकतात. नव्या बत्तीस घरांत ती ओळ लागत नाही. मी ती काढली, पण ती का होती आणि का गेली, हे तेथेच टिपणात लिहून ठेवले.

आपले प्रकरण लहान. पण ह्याच जातीची चूक मोठ्या ठिकाणीही घडलेली आहे. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियन ५ हे अग्निबाण उड्डाणानंतर सुमारे चाळीस सेकंदांत नष्ट झाले. दिशा सांगणाऱ्या यंत्रणेतील आज्ञावली एरियन ४ वरून तशीच उचलली होती. नव्या बाणाचा वेग अधिक, त्यामुळे एक आकडा सोळा घरांत मावला नाही. आज्ञावली जुन्या बाणावर निर्दोष होती. तिच्या भोवतीचे जग बदलले होते, आणि ते तिला कोणी सांगितले नव्हते.

तात्पर्य

ह्या चार महिन्यांत शिकले ते, पुढे असे काम करणाऱ्यांसाठी, क्रमाने देते.

एक : मूळ प्रतीला हात लावू नये. बदलण्यापूर्वी जुन्या आज्ञावलीची उत्तरे मिळवून ठेवावीत.

दोन : कंपायलरचे इशारे बंद करू नयेत. तो ओरडतो तोवर आपण सुरक्षित असतो. एका वेळी एकच बदल करावा आणि दर वेळी ताडून पाहावे.

तीन : पूर्णांक किती घरांचा, नोंद किती बाइटांची, हे नशिबावर सोडू नये. १९९९ च्या प्रमाणापासून सी भाषेत नेमक्या सोळा किंवा बत्तीस घरांचे पूर्णांक मागता येतात. ते मागावेत.

चार : न कळलेली ओळ खोडू नये. आधी तिचे कारण शोधावे. लिहिणारा हयात असेल तर त्याला विचारावे. आपल्याला न कळलेले ते निरर्थक, हा तर्क पोथीतही चुकतो आणि येथेही.

पाच : लहानसा फरक सोडून देऊ नये.

जुन्या लेखनात 'ती' आणि 'तीं' वेगळी होती. एक स्त्रीलिंगी एकवचन, दुसरे नपुंसकलिंगी अनेकवचन. अनुस्वार गेला आणि त्या ठिपक्यात साठविलेली माहिती संदर्भावर सोपविली गेली. नियम बदलू नयेत असे मी म्हणत नाही. ते बदलणारच, आणि बहुधा चांगल्यासाठी बदलतात. गेट्स गेले ते बरेच झाले. पण नियम बदलताना जुन्या मजकुरात न बोलता ठेवलेले काय होते, ते कोणीतरी बसून वाचावे लागते. हे काम यंत्र करीत नाही. ते तुम्हा-आम्हाला करावे लागते, आणि कला शाखेच्या विद्यार्थ्याला त्याची सवय असते, असा माझा समज झाला आहे.

पंधरा वर्षांची कोष्टके आता विभागात ठेवलेली आहेत, कोणीही पाहावीत. २००५ च्या कोष्टकात २५ जुलैपासून नऊ घरे आहेत. त्यांत आकडा नाही, शून्यही नाही. 'नोंद नाही' एवढेच लिहिले आहे.